बिनकाठीचा वेल

आमच्या कुंपणावर दोन वेल चढत. एक अमेचा, कोनफळाचा. दुसरा मा चोचा, अग्निशिखेचा. अमे म्हणजे माझी आई, दॉ पु. मा चो ही माझ्या थोरल्या भावाची बायको.

लाखेच्या भांड्यांवर लोखंडी टोकाने वेलबुट्टी कोरणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे कोणताही वेल पाहताना तो आधाराला कशाने धरतो, हेच मी प्रथम पाहतो. कोनफळ सबंध अंगाने धरते. काठी मिळाली की त्याचा देठ तिच्याभोवती वळत वळत वर जातो, आणि एकदा वळला की सोडवताना तुटतो. अग्निशिखेचा देठ सरळच राहतो. तिचे पान टोकाशी निमुळते होत जाते आणि ते टोक करंगळीसारखे वाकून शेजारच्या काडीला अडकते. ती आधाराला मिठी मारत नाही, नुसते बोट धरते. भांड्याच्या अरुंद काठावर कोरायला मला तिचेच पान अधिक जवळचे वाटे, पण ते मी कोणाला सांगितले नव्हते.

कोनफळाला फूल येते ते न आल्यासारखेच. अग्निशिखेचे फूल मात्र पिवळे उमलते, दिवसागणिक तांबडे होत जाते, आणि त्याच्या पाकळ्या खालून वाऱ्याने फुंकर घातलेल्या ज्योतीसारख्या वर उलटतात. फूल स्वतः जमिनीकडे पाहत असते. मा चो रोज एक फूल घरातल्या बुद्धापुढे ठेवी आणि एक अंबाड्यात खोवी. अमेला त्यात काही अर्थ दिसत नसे. "हिचं खायचं काय?" ती विचारी. मा चो हसून म्हणे, "खायचंच नाही अमे. खाल्लं तर माणूस मरतं."

ते खरे होते, आणि आमच्याकडे ते सर्वांना ठाऊक असते. म्हणून तर अमेने कुंपणाची विहिरीकडची बाजू सुनेला दिली तेव्हा एक अट घातली होती. हिवाळा लागला की दोन्ही वेल वाळून जातात आणि जमिनीत फक्त कंद उरतो. कोनफळ आम्ही एकदम काढत नाही. लागेल तसे उकरतो, तोवर ते मातीतच बरे राहते. आमच्या निकस वाळूत ते पोसतही नाही, बोटांसारखे बारीक आणि वाकडे होते. अग्निशिखेचा कंदही तसाच बारीक आणि वाकडा. तेव्हा कोनफळाच्या प्रत्येक वेलापाशी एक काठी आणि काठीला आमच्या वडिलांच्या जुन्या लुंगीची चौकड्यांची चिंधी. फुलांच्या काठीला चिंधी बांधायची नाही. चिंधी दिसेल तिथेच खणायचे.

मा चोला या घरात येऊन फार काळ झाला नव्हता. ती पश्चिमेकडच्या डोंगरातली, जिथे अग्निशिखा रानात आपोआप उगवते. माझा भाऊ को टिन इरावतीवरच्या मालवाहू होडीवर काम करतो. एका पावसाळ्यात तो तिला घेऊनच आला. अमेने ती निवडली नव्हती आणि ही गोष्ट ती सुनेला विसरू देत नसे. सगळ्या घरात मा चोला तिची अशी जागा मिळाली होती ती कुंपणाच्या त्या टोकाएवढीच. तेवढी तरी तिच्याकडे राहते की नाही, यापलीकडे मला या गोष्टीत सांगण्यासारखे काही नाही.

दिव्यांच्या पौर्णिमेला आमच्याकडे पोरांना एक मोकळीक असते. कावळे जागे होण्याआधी त्यांनी गावातल्या वस्तू चोरून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवायच्या. त्यावर कोणी रागवायचे नाही, अशी रीत आहे. त्या वर्षी शिंप्याची पाटी सुईणीच्या दारावर लागली, कुणाची बैलगाडी शाळेच्या व्हरांड्यात चढली, आणि आमच्या कुंपणाच्या सगळ्या काठ्या चहाच्या टपरीपुढे ओळीने रोवलेल्या सापडल्या. चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या. अमेसुद्धा हसली. म्हणाली, "तुझा बाप जिवंतपणी कधी इतक्या लवकर चहाला गेला नाही."

मी काठ्या खांद्यावर टाकून घरी आणल्या. पाऊस त्या वर्षी लवकर सरला होता. वेल आधीच वाळले होते आणि पोरांनी काठ्या ओढल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तुटून गेले होते. जमिनीवर खूण म्हणावी असे काही राहिले नव्हते. खळगे पायांखाली बुजले होते. त्यातच पोरांनी शेजारच्या दॉ थिनचा पाण्याचा मोठा रांजण आणून आमच्या फाटकाच्या आत, अगदी कुंपणाला लागून ठेवला होता.

मा चो मातीकडे पाहत होती. म्हणाली, "अमे, थांबा जरा. मी बोटानं उकरून बघते. साल दिसली की कळेल कुठलं काय ते."

"माझ्या कुंपणात मला उकरून बघायचं?" अमेने माझ्या खांद्यावरची काठी ओढली. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी इथं कंद पुरतेय. फाटकापासून विहिरीपर्यंत, पाऊल पाऊल अंतरावर. दे रे न्यो."

"तसं नाही अमे. विहिरीकडचे कंद माझे आहेत, म्हणून म्हटलं."

"ठाऊक आहे मला. आंधळी नाही झाले अजून."

डोळ्यांत तिच्या मोतीबिंदू उतरत होता, पण ते घरात कोणी बोलायचे नाही असे ठरल्यासारखे होते. तिने फाटकापासून सुरुवात केली. वाटेत रांजण होता. त्याला वळसा घालून तिने पहिली काठी पलीकडे रोवली आणि तिथून पुढे आपल्या पावलाने अंतर मोजत गेली. चिंधीची शेवटची काठी विहिरीजवळ आली. मा चो तिच्यापाशी उभी राहिली. "ही जरा पुढं आल्यासारखी वाटते," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या फुलांची वीतभर जागा खाल्ली, म्हणून वाटतं तसं."

मा चो काठीपासून बाजूला झाली. दुपारी दॉ थिन आपला रांजण घरंगळत घेऊन गेली. तो जिथे होता तिथली जमीन ओली आणि गोल दिसत होती. संध्याकाळपर्यंत ती वाळून इतर जमिनीसारखी झाली.

हिवाळ्यात पहिल्यांदा कोनफळ काढायचे ते विहारासाठी. पहिला वाटा भिक्षूंच्या पात्रात पडल्याशिवाय घरातले कोणी त्याला तोंड लावत नाही. त्या सकाळी मा चो धुणे घेऊन नदीवर गेली होती. मी ओसरीवर एका डब्याच्या झाकणावर कोरत बसलो होतो. धुवायला पाणी जवळ पडावे म्हणून अमेने विहिरीकडून खणायला घेतले, चिंधी पाहून. कंद वाकडे निघाले. "वाळूनं पार नांगर करून ठेवलाय यांचा," ती स्वतःशीच म्हणाली. सोलले, चिरले, उकडले, वर ताडगुळाचा चुरा घातला. भिक्षूंची रांग आली तेव्हा ती अनवाणी फाटकात उभी राहिली आणि पहिल्या पात्रात, थोरल्या भिक्षूंच्या, सयाडॉंच्या पात्रात तिने गरम फोडी वाढल्या. मग हात जोडून तशीच उभी राहिली, रांग वळणाआड जाईपर्यंत. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते ते मला कोरता येणार नाही.

आत येऊन ती स्वतः खायला बसली. मला कोनफळ लहानपणापासून आवडत नाही. मी शिळा भात खाल्ला होता. मा चोचा वाटा अमेने ताटलीत काढून झाकून ठेवला, कारण सासू खाऊन उठल्यावाचून सून खात नाही. "कडसर लागतंय," अमे म्हणाली. "पाऊस कमी पडला की असंच होतं." आणि तिने आणखी थोडा गूळ घेतला.

मा चो नदीवरून आली, कपडे वाळत घालू लागली. सूर्य ताडांच्या वर आला होता तेव्हा अमे गळा धरून उठली आणि विहिरीपाशी जाऊन ओकू लागली. मा चो धावली. ती अमेची पाठ चोळत होती, आणि मी पाहिले की तिची नजर विहिरीच्या कठड्याशी पडलेल्या सालींवर खिळली आहे. तिने एक साल उचलली, लुंगीला पुसली, अंगठ्याने चाचपली. कोनफळाच्या सालीला बारीक मुळांची लव असते. बोटाला ती खरखरीत लागते. ही साल गुळगुळीत होती. मा चो घरात गेली, तिने आपल्या ताटलीवरचे झाकण काढले आणि परत बाहेर आली.

"न्यो, हे माझे कंद आहेत," ती म्हणाली.

अमेने ते ऐकले. तोंड पुसत तिने आधी विहिरीजवळच्या काठीकडे, तिच्या चिंधीकडे पाहिले. तिला सगळे समजले असावे. मग ती फक्त एवढेच म्हणाली, "विहारात जाऊ नका. दिलेलं दान परत मागायचं नसतं."

"अमे, ते अजून जेवले नसतील."

"सांगणार काय जाऊन? दॉ पुनं भिक्षूंना विष वाढलं?"

मा चो तिच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग ती पळाली. मी कुंपणावरून दॉ थिनला हाक मारली, अमेला तिच्या हाती दिले आणि मा चोच्या मागे धावलो.

विहारात भिक्षू नुकतेच जेवायला बसत होते. गोल बैठ्या मेजावर वाट्या मांडल्या होत्या. मा चो भोजनशाळेच्या पायऱ्यांपाशी गुडघ्यांवर कोसळली. पळून पळून तिच्या तोंडून शब्द फुटेना. फोडींची वाटी सयाडॉंच्या उजव्या हाताशी होती.

"भन्ते, कोनफळ खाऊ नका."

"कुणाकडचं?"

"दॉ पुंच्या घरचं. ते कोनफळ नाही. माझ्या अग्निशिखेचे कंद आहेत."

सयाडॉंनी हात मागे घेतला. सगळेच थांबले. त्यांनी विचारले, "खणले कुणी?"

मी तिच्या मागेच उभा होतो, धापा टाकत. तिने मान वर केली नाही.

"मी. माझ्या हातून चूक झाली."

सयाडॉ फार म्हातारे होते आणि फार थोडे बोलत. त्यांनी विचारले कोणी खाल्ले का. मा चोने अमेचे नाव सांगितले. त्यांनी विहाराची गाडी जुंपायला सांगितले, गावातल्या आरोग्यसेवकाला निरोप धाडला. मग पायऱ्यांकडे पाहून म्हणाले, "मनात विष नव्हतं ना, मग पाप नाही. ज्यानं कुणी खणलं त्यालाही नाही." मा चोचे खांदे तेव्हा कसे हलले ते मी पाहिले. ज्यासाठी ती खोटे बोलली होती, ते झाकण्याची गरजच नव्हती, आणि हे तिला खोटे बोलून झाल्यावर समजले होते. भिक्षूंपुढे बोललेले खोटे मागे घेता येत नाही, असे नाही. पण ते मागे घ्यायला जे धैर्य लागते ते माणसाकडे एका दिवसात दोनदा नसते.

परतताना मी तिला विचारले, तुम्ही असे का केलेत.

"अमेनं भिक्षूंना विष दिलं असं गाव म्हणालं तर त्या त्यानंच मरतील," ती म्हणाली. "मला काय, मी बाहेरचीच आहे. बऱ्या झाल्या की त्याच सांगतील सगळं. तोवर राहू दे."

आरोग्यसेवकाने अमेच्या हाताला सलाईन लावले आणि तिला शहरातल्या इस्पितळात न्या असे सांगितले. दिवसभर तिला उलट्या आणि जुलाब होत राहिले. हलवण्याजोगी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सगळे थांबले. ती उशीला टेकून बसली, तिने भाताची पेज मागितली, केस विंचरून घेतले. गाडी दारात होती, पण बऱ्या झालेल्या माणसाला इस्पितळात कोण नेते, असे तिचे म्हणणे. हे विष मधे एक दिवस सोडून देते आणि मग परत येते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या चांगल्या दिवशी गावातल्या बायका भेटायला आल्या. विहारातली बातमी तोवर घरोघर पोचली होती. दॉ थिन अमेच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, सून तर सयाडॉंपुढे कबूल झाली की तिनेच खणले.

मा चो तेव्हा पेज घेऊन दारात उभी होती.

अमे म्हणाली, "तिनं नाही खणलं. मी खणलं. काठ्यासुद्धा मीच रोवल्या. ती उकरून बघूया म्हणत होती, मी ऐकलं नाही तिचं."

मी अमेच्या तोंडून कधी असे वाक्य ऐकले नव्हते. ते उच्चारताना तिला किती जड गेले हे फक्त मी आणि मा चो जाणत होतो. मग दॉ थिनने डोळे पुसले आणि अमेच्या पायांवर हात ठेवला.

"काय मन आहे बघा बाई," ती इतरांना म्हणाली. "मरता मरता वाचली, तरी सुनेला झाकतेय."

"झाकत नाहीये गं थिन. खरं तेच सांगतेय."

"हो अमा पु, हो," दॉ थिन थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणाली. " पडा तुम्ही आता. सगळं कळतं आम्हाला."

बायका माना हलवू लागल्या. एकीने म्हटले, असे पुण्य वाया जात नाही. दुसरी म्हणाली, आपल्याला नसते बाई जमले. अमे त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत होती, पाण्यात पडलेले माणूस काठावरच्या माणसांकडे पाहते तशी. शेवटी तिने माझ्याकडे पाहिले. "तू सांग रे यांना. तू होतास ना तिथं."

मी सांगितले. मला चारचौघांत बोलता येत नाही. माझा आवाज अर्ध्यावर बसतो, आणि खरे बोलतानाही तो लपवल्यासारखा वाटतो. तरी मी रांजणाचे सांगितले, वळशाचे सांगितले, शेवटच्या काठीचे सांगितले. बायका माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी दाराकडे, मा चोकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे.

"तूही खाल्लं नाहीस म्हणे त्या दिवशी?" दॉ थिनने विचारले. तिचा स्वर अगदी मऊ होता. "दोघांनीही नाही खाल्लं. आणि भाऊ बिचारा नदीवर."

मा चोने पेजेचा वाडगा जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी अमेला धाप लागली. नंतर तिची लघवी थांबली, हातपाय गार पडू लागले. दुसऱ्या दिवशी गाडीतून नेताना अर्ध्या वाटेवर, ऊन उतरत असता, ती गेली. शेवटी तिच्या तोंडाशी मा चोचा हात होता. तो तिने चावला की मुका घेतला ते मला सांगता येत नाही. मा चोने तो हात बराच वेळ धुतला नाही.

सातव्या दिवसाच्या भोजनदानाला को टिन पोचला. त्याने आल्याआल्या मला काही विचारले नाही. आधी तो गावात फिरला, मग विहारात जाऊन आला. सयाडॉंनी त्याला सांगितले की तुझ्या बायकोने आम्हाला वाचवले. पण तेही तिने जे सांगितले होते त्यापलीकडे काय सांगणार? घरी येऊन तो मा चोपुढे बसला. तिने सगळे खरे सांगितले, अगदी पहिल्या काठीपासून.

"मग सयाडॉंपुढं खोटं बोललीस?" त्याने विचारले.

"हो."

"आणि आत्ता माझ्यापुढं खरं बोलतेयस, ते कशावरून?"

मी ओसरीवरून उठलो आणि म्हणालो की मी तिथे होतो, मी पाहिले आहे. को टिनने माझ्याकडे पाहिले. लहानपणी मला पोहायला शिकवताना तो माझ्या हनुवटीखाली हात धरत असे. तेव्हाची त्याची नजर मला ओळखीची होती. ही नव्हती.

"तू गप्प बस, न्यीले," तो म्हणाला. न्यीले म्हणजे धाकटा भाऊ. तो शब्द त्याने पूर्वी कधी असा दुरून उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने कुदळ घेऊन विहिरीकडची सगळी बाजू खणून काढली. एकेक वाकडा कंद उन्हात टाकला, वर वाळलेली ताडपाने रचली आणि पेटवले. ओल्या कंदांतून पांढरा धूर निघत राहिला. चिंध्यांच्या काठ्यांना त्याने हात लावला नाही. तो वडिलांचा भाग होता. मा चो आपली पेटी बांधत होती. को टिन तिला धक्क्यापर्यंत पोचवणार होता. तिथून पुढे डोंगराकडची होडी.

को टिन पेटी घेऊन पुढे गेला तेव्हा ती फाटकापाशी थांबली. मी म्हणालो की मी पुन्हा सगळ्यांना सांगेन, सयाडॉंनाही सांगेन.

"नको," ती म्हणाली. "तू काही बोलूच नकोस आता, न्यो. तू बोललास की ते माझ्यावरच येतं."

तिच्या अंबाड्यात फूल नव्हते. मी तिला पहिल्यांदाच तशी पाहत होतो. ती वळणाआड गेली, जिथे भिक्षूंची रांग जात असे.

मी तिचे ऐकले. सबंध उन्हाळा मी कोणाशी काही बोललो नाही. भांडी आली ती कोरली. भांडी पाठवणाऱ्या मालकाने विचारले, हल्ली तुझ्या वेलांना पाने का नसतात. मी म्हणालो की देठच बरे दिसतात. काठ्यांखालची उरलेली कोनफळे मी काढली नाहीत. ज्या पोरांनी काठ्या उपटल्या होत्या त्यांतला फो नी, मला अको म्हणजे दादा म्हणणारा, एकदा टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला, त्याने मला न विचारता माझ्या चहाचे पैसे दिले आणि मान खाली घालून म्हणाला, "आम्ही नुसत्या काठ्या उपटल्या, अको न्यो. तुमची आईपण हसली होती." मी म्हणालो, हो, हसली होती. त्याच्यावर रागवायचे नाही अशी रीत होती, आणि मला तो रागही आला नाही.

पावसाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. चिंध्यांच्या काठ्यांवर कोनफळे चढली होती. विहिरीजवळच्या शेवटच्या काठीवर मात्र काहीच आले नाही. एके सकाळी फाटक उघडताना मला आतल्या बाजूला, ओळीच्या बाहेर, एक कोंब दिसला. तिथे काठी नव्हती, चिंधी नव्हती. तो हातभर उंच झाला होता आणि आधार न मिळाल्यामुळे हवेतच वळत होता. स्वतःभोवती दोनदा फिरून पुन्हा मातीकडे वाकला होता. मी त्याचे पान पाहिले. टोक सरळ होते, करंगळीसारखे वळलेले नव्हते. बदामाच्या आकाराचे पान. देठ अंगाने धरणारा.

मी तिथेच चिखलात बसलो. इथेच दॉ थिनचा रांजण होता. ही अमेच्या ओळीतली पहिली जागा होती, जिला वळसा घालून ती पुढे गेली. एक कंद इथे मागे राहिला, आणि तेवढीच एक काठी तिकडे विहिरीजवळ जास्त झाली. अमे जे बायकांना सांगत होती, ते सगळे आता इथे हिरव्या देठाने लिहिल्यासारखे होते, आणि वाचायला कोणी नव्हते.

मी को टिनची वाट पाहिली. नदी फुगल्यावर होड्या थांबतात, तेव्हा तो घरी आला. मी त्याला फाटकापाशी नेले.

"अको, इथं रांजण होता. पहिलं कोनफळ याच्याखाली होतं. अमे खरं बोलत होती. चोसुद्धा." मी प्रथमच मानाचे 'मा' गाळून तिला नुसते चो म्हटले, आणि तो शब्द परत घेता आला नाही.

को टिन उकिडवा बसला. त्याने पान उलटे करून पाहिले, देठावरून अंगठा फिरवला. पाऊस बारीक पडत होता.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"तिनं सांगितलं तेव्हाच कळलं होतं. खोटं बोलायचं तर चोला नीट बोलताही येत नाही. एकदाच बोलली, आणि ते कुणासाठी बोलली तेही कळत होतं."

"मग?"

"मग काय. दोघींपैकी एकीचं नाव जाणारच होतं." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "चो जिवंत आहे. कुठंही राहील, कुणाकडंही राहील. अमेकडं आता नावाशिवाय दुसरं काय आहे?"

मला वाटले, अमे हेच नाव टाकून द्यायला निघाली होती, त्या चांगल्या दिवशी, सगळ्या बायकांपुढे. तिने ते द्यायला हात पुढे केला आणि ते कोणी घेतले नाही. पण हे मला भावाला सांगता आले नाही. तो उठला, त्याने चिखलाचे हात लुंगीला पुसले.

"याला काठी दे," तो म्हणाला. "बाबांची चिंधी बांध वर. रांगेत आला की कुणी विचारणार नाही."

"नाही देणार."

त्याने मान वळवून पाहिले. मी आयुष्यात त्याला नाही म्हटले नव्हते. तो हात उगारील असे मला वाटले. किंवा वाकून तो वेल उपटील. त्याने दोन्ही केले नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेल्यासारखे झाले, आणि तो घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. पाणी ओसरल्यावर तो नदीवर परत गेला. डोंगराकडच्या होडीत तो बसला नाही.

वेल मी तसाच ठेवला आहे. आधार नसल्यामुळे तो जमिनीवरून सरपटत फाटकापर्यंत आला, मग फाटकाखालून बाहेर. आत येणाऱ्याला तो ओलांडून यावे लागते. सकाळी भिक्षूंची रांग येते तेव्हा सयाडॉ त्याच्यापाशी जरा थांबतात, पाऊल उचलून पलीकडे ठेवतात. दॉ थिन एकदा म्हणाली, "अरे काठी दे की त्याला, पायात येतो माणसाच्या." मी म्हणालो, येऊ दे. तिने विचारले, का. मी तिला रांजणाचे पुन्हा सांगितले, अगदी पहिल्यापासून. माझा आवाज अर्ध्यावर बसला, पण मी थांबलो नाही. तिने सगळे ऐकून घेतले, मग आपली लुंगी घोट्यांवर उचलली आणि वेलाला पाय न लावता निघून गेली.

आता ती दुसऱ्या वाटेने येते.